जानेवारीत आई-बाबांना घेऊन कॅरिबियन क्रूझ: शिप नंतर बघा, आधी वेळापत्रक वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत राहणारं कुटुंब, भारतातून आलेले आई-बाबा (आई ६८, बाबा ७३, बाबांचे गुडघे दुखतात), दोन मुलं ६ आणि ११ वर्षांची, सगळे शाकाहारी, त्यातले आई-बाबा कांदा-लसूण चालतं पण अंडं अजिबात नाही असे. जानेवारीच्या शेवटी सात दिवसांची कॅरिबियन क्रूझ करायची आहे, घराजवळच्या बेयॉन बंदरातूनच शिप सुटते तर विमानाचा खर्च वाचेल म्हणून ती घ्यावी का, शिप कुठली चांगली, व्हिसाचं काय, जेवणाचं काय, आणि आईला बसमध्येसुद्धा मळमळतं तर बोटीत काय होईल.

मी १७ वर्षं क्रूझ शिपवर काढली, असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि मेत्र डी, म्हणजे डायनिंग रूमचा मुख्य, म्हणून उतरलो, त्यातले बारा-तेरा हिवाळे कॅरिबियनमध्येच गेले. आमच्या वेंगुर्ल्याकडची, गोव्याची, मुंबईची पोरं या शिपांवर भरपूर, गोव्यात तर बोटीवर जाणाऱ्याला तारवटी असा वेगळा शब्दच आहे. त्यामुळे जे लिहितोय ते डायनिंग रूमच्या दारात उभं राहून बघितलेलं आहे, ब्रोशरमधलं नाही. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की लोक शिप निवडतात आणि मग जिथे नेईल तिथे जातात. तुमच्यासारख्या कुटुंबाने उलटं करावं. वॉटर स्लाइड किती, थिएटर केवढं, हे सगळं नंतर. आधी त्या सात दिवसांचं वेळापत्रक समोर घ्या आणि ते नीट वाचायला शिका.

बेयॉनचं आधी सांगतो कारण तिथेच बहुतेक आपले लोक फसतात. जानेवारीत तिथून निघालात की पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस तुम्ही थंड अटलांटिकमध्ये असता, डेकवर जॅकेट घालून, पूल रिकामा, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरसच्या बाहेरून जाताना हिवाळ्यात समुद्र असा काही उसळतो की आम्ही क्रूवाले कपबशांच्या रॅकला आधीच दोऱ्या बांधून ठेवायचो. सात दिवसांत तिथून खरं कॅरिबियन होतच नाही, फ्लोरिडा आणि बहामाजपर्यंत जाऊन परत यावं लागतं, खाली जायचं तर नऊ ते बारा दिवस हवेत. आणि बहामाज म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे कॅरिबियन समुद्रात नाहीच, अटलांटिकमध्ये आहे, जानेवारीत अमेरिकेतून थंडीची लाट खाली आली की तिथे १८-२० डिग्री होतं. दोन पोरं पोहायला मिळणार म्हणून आठवडाभर उड्या मारणार आणि तिथे पाण्यात पाय घातला की परत. आईला मळमळतं म्हणताय तर हा रूट मी फुकट दिला तरी घेऊ नका म्हणेन.

मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरलहून निघणाऱ्या शिपा दोन दिशांना जातात. वेस्टर्न म्हणजे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, रोआतान, बेलीझ वगैरे. ईस्टर्न म्हणजे सेंट थॉमस, सेंट मार्टन, सॅन हुआन, डॉमिनिकन रिपब्लिक. सात दिवसांत तीन, फार तर चार पोर्ट आणि बाकी समुद्रावर. हे वाईट नाही, पण माझं मत विचाराल तर तुम्ही सॅन हुआनहून निघणारी सदर्न रूटची क्रूझ घ्या. नूअर्कहून सॅन हुआन साधारण चार तासांचं विमान, प्वेर्तो रिको अमेरिकेचंच असल्यामुळे ती डोमेस्टिक फ्लाइट, आणि शिप निघते तीच मुळी बेटांच्या माळेच्या तोंडाशी. सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस अशी पाच बेटं आणि एक सी डे, म्हणजे दिवसभर समुद्रावरच, असा रूट असतो, क्रम आणि एखादं बेट कंपनीप्रमाणे बदलतं. बेटं इतकी जवळ की रात्री झोपायचं आणि सकाळी नवं बेट, लांबचा उघडा समुद्र कमी लागतो. दिवसा २७-२८ डिग्री, पाणी २६ च्या आसपास, पाऊस येतो तो पाच मिनिटांचा, आपल्या श्रावणातल्यासारखा, ऊन-पाऊस दोन्ही एकदम. चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे जानेवारीत ती काळजी नाही.

काळजी असते ती वाऱ्याची. हे कोणी सांगत नाही. शाळेत भूगोलात व्यापारी वारे शिकलो ना, ते तिथे ईशान्य-पूर्वेकडून वर्षभर वाहतात आणि डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत जोर धरतात, तिकडचे लोक त्याला ख्रिसमस विंड्स म्हणतात. म्हणून प्रत्येक बेटाची पूर्व बाजू खवळलेली आणि पश्चिम बाजू तळ्यासारखी. पोर्ट बहुतेक पश्चिमेकडेच असतात. मुलांना पोहायला न्यायचं तर पश्चिमेचाच बीच पकडा. बार्बाडोसमध्ये पूर्वेला बाथशीबा आहे, फोटो काढायला एक नंबर, पण तिथे पोराला पाण्यात सोडायचं नाही. पश्चिमेकडचं कार्लाइल बे पोर्टपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं, तिथे पाणी स्थिर असतं आणि बोटवाले कासवं दाखवायला नेतात.

आता वेळापत्रक कसं वाचायचं ते. बुकिंगच्या पानावर पोर्टच्या नावापुढे वेळ असते, सकाळी ८ ते संध्याकाळी ५ अशी. त्यातला सुरुवातीचा पाऊण तास आणि शेवटचा पाऊण तास वजाच करा. ७ ते १ असं लिहिलेलं पोर्ट दिसलं तर ते पोर्ट नाहीये, ती नुसती हजेरीपुरती सही आहे. दुसरं म्हणजे शिप धक्क्याला लागते की टेंडरने जायचं असतं ते बघा. टेंडर म्हणजे शिप लांब नांगर टाकते आणि छोट्या बोटीत बसून किनाऱ्यावर जायचं, ग्रँड केमनला आणि बेलीझला असंच असतं. बाबांच्या गुडघ्यांना हलत्या बोटीत पाय टाकणं जड जाईल, आणि समुद्र चढला तर ते पोर्टच रद्द होतं, हिवाळ्यात ग्रँड केमन असं रद्द झालेलं मी कितीदा तरी पाहिलंय, डायनिंग रूममध्ये मग दुपारी दोन हजार वैतागलेले लोक एकदम जेवायला. तिसरं, रविवार कुठल्या बेटावर पडतो ते. छोट्या बेटांवर रविवारी चर्च आणि घर, निम्मी दुकानं बंद. चौथं, त्या दिवशी आणखी किती शिपा तिथे आहेत. सेंट मार्टनला चार-पाच मोठ्या शिपा एकदम लागल्या की फिलिप्सबर्गच्या रस्त्यावर दादर स्टेशनबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं. ही पोर्टची वेळापत्रकं नेटवर सापडतात, दहा मिनिटांचं काम आहे.

व्हिसा. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते डोळ्यांनी बघा, कारण क्रूझवरून परत येणं म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश. आणि परत आल्यावर नवे सहा महिने मिळतील असं मनात धरू नका, ऑफिसर आधीचीच तारीख कायम ठेवू शकतो. तुमचं स्वतःचं जास्त महत्त्वाचं आहे: तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टमधला स्टँप एक्स्पायर झालेला असेल, नुसत्या आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर काम चालू असेल, तर या रूटला जाऊच नका, आधी वकिलाला विचारा. स्टँप संपलेला असला तरी परत येऊ देणारी, कॅनडा-मेक्सिकोपुरती जी सवलत असते ती या बेटांना लावून लोक गोत्यात येतात. बेटांच्या व्हिसाचं म्हणाल तर सकाळी उतरून संध्याकाळी परत चढणाऱ्या क्रूझ पॅसेंजरला बऱ्याच ठिकाणी वेगळा व्हिसा लागत नाही, पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नाही. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सची बेटं, तिथलं गणित वेगळं. बुकिंग करताना भारतीय पासपोर्ट आहे असं सांगून, तुमच्या तारखेच्या तुमच्या पोर्टच्या यादीसाठी, ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवर गोड बोलणाऱ्याचं उत्तर चेक-इन काउंटरवर कोणी विचारत नाही.

जेवणाचं जरा सविस्तर लिहितो, हा माझा विषय.

मोठ्या शिपवर शाकाहारी उपाशी राहत नाही, ती भीती काढून टाका. बफेमध्ये एखादी डाळ, छोले, पनीरचं काहीतरी, भात हे बहुतेक वेळा असतंच. पण बफेवर सात दिवस काढले तर चौथ्या दिवशी आई म्हणणार की मला नुसता दहीभात द्या. खरं जेवण मेन डायनिंग रूममध्ये आहे आणि तिथली युक्ती एकच, पहिल्या दिवशी शिपवर चढल्या चढल्या, सामान यायच्या आधी, डायनिंग रूमच्या मेत्र डीला किंवा हेड वेटरला जाऊन भेटा. बुकिंगमध्ये व्हेजिटेरियन लिहिलेलं असलं तरी भेटा. अंडं नाही हे स्पष्ट सांगा, कारण तिकडच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं बसतं, पास्त्यात असतं, केकमध्ये असतं, कधी कधी व्हेज कटलेट बांधायलाही घालतात. जैन जेवण हवं असेल तर ते मात्र बुकिंगच्या वेळीच कळवायचं, आयत्या वेळी होत नाही. आणि रोज रात्री जेवून उठताना उद्याचं सांगून ठेवायचं. गॅलीत, म्हणजे शिपच्या स्वयंपाकघरात, एकेका वेळेला हजारोंचं जेवण निघतं, संध्याकाळी सहाला येऊन सातला वरण मागितलं तर ते कोणी मुद्दाम नाकारत नाही, होतच नाही ते.

एक आजी आठवतात. मुलगी-जावयाबरोबर आलेल्या, टेबलावर दोन दिवस ब्रेड-बटर आणि उकडलेला बटाटा, बाकी सगळं परत. तिसऱ्या रात्री मी पाणी ओतायला गेलो तर माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचून म्हणाल्या, "खंयचो रे तू?" मी म्हटलं वेंगुर्ल्याचो. झालं, सगळं टेबल गप्प आणि आमचं मालवणीत सुरू. त्यांना काय हवं होतं तर हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं साधं पिवळं वरण, मऊ भात आणि वर लिंबू. क्रू मेसमध्ये आम्ही रोज वरण-भात खायचो हो, खाली तीन डेकवर, पण मेसमधलं जेवण पॅसेंजरच्या टेबलावर नेता येत नाही, यूएसपीएच हा शब्द उच्चारला तरी गॅलीत सगळे ताठ होतात. अमेरिकेचं आरोग्य खातं न सांगता शिपवर येऊन १०० पैकी मार्क देतं आणि ८६ च्या खाली गेलात तर नापास. म्हणून दुसऱ्या दिवशी इंडियन सेक्शनच्या शेफला ऑर्डर दिली, रीतसर वरच्याच गॅलीत शिजवलं. आजींनी लिंबू पिळलं, एक घास घेतला आणि मान न वर करता सगळं संपवलं. पुढचे चार दिवस तेच. सांगायचं एवढंच की मागा, पण आदल्या रात्री मागा.

घरून काय न्यायचं? कारखान्यात पॅक केलेलं, सीलबंद. भडंग, चिवडा, लोणच्याचं पाकीट, ठेपल्याची दुकानातली पाकिटं चालतात. घरी केलेले लाडू-चकल्या बॅग तपासताना काढून घेऊ शकतात. इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, छोटा राइस कुकर हे तर नकोच, आगीच्या भीतीने सगळ्या शिपांवर बंदी असते, सिक्युरिटीच्या खोलीत अशा जप्त केटलींचं शेल्फच्या शेल्फ असतं आणि त्यातल्या निम्म्या आपल्या लोकांच्या. चहाचा मात्र बंदोबस्त करून जा. शिपवरचा चहा म्हणजे गरम पाण्याचा कप, बशीत टीबॅग आणि गार दूध. चहा मसाल्याची डबी आणि चहाची इन्स्टंट पाकिटं न्या, गरम पाणी बफेत चोवीस तास नाही पण बराच वेळ मिळतं.

बेटांपैकी बार्बाडोसला बाबांसाठी एक दिवस राखा. ब्रिजटाउनच्या बंदरापासून केन्सिंग्टन ओव्हल टॅक्सीने पाच-सात मिनिटांवर आहे. २९ जून २०२४ ला आपण तिथेच साउथ आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि रोहितने पिचवरची माती तोंडात घातली ते हेच मैदान. पण तुमच्या बाबांच्या वयाच्या माणसाला त्याहून जुनी गोष्ट आठवेल: १९७१ ची वाडेकरांची टीम, याच मैदानावर सरदेसाईंचे १५० आणि गावसकरांचे नाबाद ११७. त्या सिरीजमध्ये गावसकरांनी चार टेस्टमध्ये ७७४ धावा काढल्या आणि मडगावच्या आमच्या सरदेसाईंनी ६४२. बाबा तेव्हा विशीच्या आसपासचे असतील, पेपरातला स्कोअर वाचून मोठे झालेले. बाहेर सोबर्सचा पुतळा आहे, तिथे त्यांचा फोटो काढा. मॅच नसेल तर आत सोडतील की नाही ते त्या दिवशीच्या गेटवरच्या माणसावर असतं, हिंदुस्थानातून आलोय म्हटलं की माझ्या अनुभवात तरी चेहरा उजळतो. टॅक्सीवाला क्रिकेट बोलायला लागला की अर्धा तास मोजूनच ठेवा. दुसरा पर्याय हॅरिसन्स केव्ह, चुनखडीची गुहा, आत ट्रॅमने फिरवतात, गुडघ्यांचा प्रश्न नाही.

अँटिग्वालाही क्रिकेटचंच, गावातलं जुनं अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंड धक्क्यापासून चालत जाता येतं, लाराने १९९४ साली ३७५ आणि २००४ साली नाबाद ४०० केले ते दोन्ही तिथेच. मुलांना मात्र त्यात काडीचा रस नसणार, त्यांना बीचवर न्या, अर्धे इकडे अर्धे तिकडे.

सेंट किट्सला गुडघेवाल्यांसाठी सोन्यासारखी गोष्ट आहे ती म्हणजे तिथली छोटी आगगाडी. उसासाठी शंभर वर्षांपूर्वी घातलेला नॅरो गेज रूळ, साखरेचा धंदा २००५ ला बंद पडला, आता त्याच रुळांवरून पर्यटकांची डबल डेकर गाडी जाते, एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, खालचा डबा एसी आणि वर उघडा. पुढे थोडा भाग बसने. एकदा बसलं की तीन तास चालायचं नाही. महाग आहे, पण आई-बाबांसाठी हे घ्याच, आणि आधी बुक करा, जागा संपतात.

सेंट लुशियाला सगळ्यांना दोन पिटॉन बघायचे असतात, समुद्रातून सरळ उठलेले ते दोन सुळके, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण शिप लागते कॅस्ट्रीजला आणि पिटॉन आहेत सूफ्रिएरच्या बाजूला, रस्ता म्हणजे दीड तास नुसता आंबोली घाट, जाऊन-येऊन तीन तास. तुमच्या आईला बसमध्ये लागतं म्हणालात. तेव्हा एकतर कॅटमरान या जोडबोटीने, तेही किनाऱ्याच्या आडोशाने जात असल्यामुळे कमी हलतं, नाहीतर पिटॉन सोडा आणि जवळच्या बीचवर बसा. मी इतक्या वेळा गेलो पण सूफ्रिएरला दोनदाच गेलोय आणि त्यातल्या एकदा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर डोळे मिटून.

तुमच्या रूटमध्ये ग्रेनाडा असेल तर कोकणातल्या माणसाला गंमत वाटेल, त्यांच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. बाजारात जायपत्रीचे ढीग, वास आपल्या मसाल्याच्या डब्याचा. आणि सगळ्याच बेटांवर नीरफणस, तिकडे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात. हे झाड तिथलं नव्हेच, १७९३ साली कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली, मळ्यातल्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला. आता विस्तवावर भाजून, साल काढून, लोणी लावून देतात. आमच्याकडे काप करतात तव्यावर, ते जास्त चांगले लागतात असं माझं ठाम मत आहे. रोटी असं लिहिलेली पाटी दिसली तर थांबा. त्रिनिदादला १८४५ पासून ऊसमळ्यांसाठी आपल्या यूपी-बिहारचे मजूर नेले, त्यांची रोटी बेटाबेटांवर पसरली. जाड पोळीत बटाटा-छोल्याची करी गुंडाळलेली. फक्त आधी विचारा, चिकन-मटण-बटाटा सगळं एकाच दुकानात असतं आणि डाव बहुधा एकच.

सेंट थॉमस आणि सेंट मार्टनला दागिने आणि इलेक्ट्रॉनिक्सची जी रांगच्या रांग दुकानं आहेत त्यात सिंधी लोक खूप, बिनधास्त हिंदीत घासाघीस करा. सेंट मार्टनचा माहो बीच म्हणजे विमान डोक्यावरून उतरतं तो, मुलांना वेड लागेल, पण जेट उडताना मागच्या कुंपणाला लटकायचं नाही, माणसं उडून पडलेली आहेत. सेंट थॉमसला गाड्या डावीकडून चालतात आणि स्टिअरिंगही डावीकडे, मला दर वेळी समोरून येणारा अंगावर येणार असं वाटायचं. तिथे आणि इतरही बेटांवर समुद्रकाठी एक झाड असतं, मॅनचनील, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, ते भयंकर विषारी, पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तरी अंगाला फोड येतात. कुठे लाल पट्टा मारलेला असतो, कुठे नसतो. सहा वर्षांच्याला सांगून ठेवा, जमिनीवरचं फळ उचलायचं नाही. आणि मिलिटरी छापाचे कपडे बॅगेत टाकू नका, बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा अशा बऱ्याच बेटांवर साध्या माणसाने ते घालणं गुन्हा आहे, मुलाची शॉर्टसुद्धा त्यात आली.

शिप चुकण्याबद्दल. कंपनीच्या टूरने गेलात आणि बस अडकली तर शिप थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. सगळ्यांनी परत यायची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते, आणि कोणी आलं नाही तर सिक्युरिटी केबिनमध्ये जाऊन तिजोरीतले पासपोर्ट काढून पोर्ट एजंटकडे, म्हणजे कंपनीच्या तिथल्या माणसाकडे, देऊन टाकते, मग गँगवे, म्हणजे चढायची शिडी, वर. धक्क्यावरून पिशव्या घेऊन पळणारी जोडपी आणि बाल्कनीतून टाळ्या वाजवणारे बाकीचे, हे दर ट्रिपला. मला हसायचा हक्क नाही खरंतर. पहिल्याच कॉन्ट्रॅक्टला रोआतानला मी वडलांचं एचएमटी हौसेने बेटाच्या टायमाला लावलं होतं, आणि शिप चालत होती मायामीच्या टायमाला, एक तास पुढे. आरामात नारळपाणी पीत बसलो होतो, एक फिलिपिनो मित्र लांबून ओरडला म्हणून उठलो, धावत गेलो आणि चढलो, पण उशीर झालाच होता, वॉर्निंग लेटर मिळालं. सॅन हुआनच्या रूटला सगळी बेटं एकाच टायमात आहेत त्यामुळे हा घोळ नाही, पण वेस्टर्न घेतलंत तर फोनवरच्या घड्याळावर जाऊ नका, साधं मनगटी घड्याळ शिपच्या वेळेला लावा.

आईच्या मळमळीसाठी केबिन मधोमध आणि खालच्या-मधल्या डेकवर घ्या, पुढच्या टोकाची स्वस्त मिळाली तरी नको. बाबांसाठी लिफ्टजवळ, पण लिफ्टला चिकटून नको, रात्रभर आवाज. बाल्कनी आई-बाबांना द्या, तुम्ही समोरची बिनखिडकीची घ्या, सकाळी सहाला बेट जवळ येताना बघायला ते जागे असतात, तुम्ही नसता. गोळी कुठली ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर चालते का हेही, आणि मळमळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची असते. आल्याच्या वड्या, हिरवं सफरचंद, कोरडी बिस्किटं आम्ही क्रूवालेही हेच खायचो. हात साबणानेच धुवा, पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस शिपवर पसरतो तो सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. आणि इन्शुरन्स: आई-बाबांचा अमेरिकेतला व्हिजिटर इन्शुरन्स समुद्रावर चालतो का ते वाचा, बहुतेकदा वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, त्यात मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी माणसाला शिपवरून हॉस्पिटलात हलवायचा खर्च, पाहिजेच. शिपवरचा दवाखाना चांगला असतो पण बिल तिथल्या तिथे कार्डावर.

पैशाचं पटकन. ख्रिसमस-न्यू इयरचा आठवडा सगळ्यात महाग, फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेचा आठवडा आणि मार्चचा स्प्रिंग ब्रेक पुन्हा महाग, तुमचा जानेवारीचा शेवट त्यातल्या त्यात स्वस्त. तिकिटावर रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर टिप लागते, मुलांचीसुद्धा, ती आधीच धरा. तो पैसा वेटर, केबिन साफ करणारा, मागे राबणारे यांच्यात वाटला जातो, काढून टाकू नका हो, काउंटरवर जाऊन टिप काढायला लावणाऱ्यांत आपले लोक दिसले की खाली मेसमध्ये बोलणी आम्हाला खावी लागायची. बेटांवर डॉलर सगळीकडे चालतो, एक आणि पाचच्या नोटा न्या, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुशियाला सुटे परत ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये मिळतात, २.७० ला एक अमेरिकन, हा भाव १९७६ पासून बांधलेला आहे.

विमान आदल्या दिवशीचंच घ्या, त्याच सकाळचं नाही. जानेवारीत नूअर्कला बर्फ पडलं की शिप तुमच्यासाठी उभी राहत नाही, आणि सॅन हुआनचं जुनं गाव एक संध्याकाळ फिरण्यासारखं आहेच. शिपवर चढताना मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळचे सहा-सात वाजतात, तेव्हा बाबांच्या गोळ्या, सगळ्यांचे पासपोर्ट, एसीसाठी आईचा स्वेटर आणि पोरांचे पोहायचे कपडे हे हातातल्या पिशवीत ठेवा. पूल चढल्या चढल्याच दिसतो, आणि सहा वर्षांचा सात वाजेपर्यंत थांबत नाही.